आमदार निवडून गेला, पुढं काय?

(राजूर भागातल्या गावं-वाड्यांच्या शिबिरात फेब्रुवारी १९९० मध्ये झालेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं देत आहोत. वाचता येणाऱ्यानं वाडीवर मोठ्यानं वाचून दाखवावं.)



काल रात्री शेकोटीपाशी एका म्हाताऱ्या बाबांनी आम्हाला विचारलं, "दर इलेक्शनला आपुन शिक्का मारतो. कागुद पेटीत पडतो. पेटीतून पुढं तो कुठं जातो?" सगळे हसले. पण खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणालाच धड उत्तर देता आलं नाही. 'मुंबईला जातो' असं म्हणून वेळ मारून नेली. आज ते उत्तर नीट द्यायचा प्रयत्न करतो. येत्या २७ तारखेला विधानसभेचं मतदान आहे. जीपगाड्या फिरायला लागल्याच आहेत. जीप वाडीत आली की गुलाल, झेंडे, पोरांची पळापळ, आणि मग कुणी कुणाचं ऐकत नाही. म्हणून आधीच बोलून घेऊ.

विधानसभा म्हणजे आपल्या राज्याचा कायदा करणारी सभा. महाराष्ट्राचे २८८ तुकडे पाडलेत. एकेका तुकड्याला मतदारसंघ म्हणतात, आणि एका तुकड्यातून एक आमदार जातो. आपल्या तुकड्याचं सरकारी कागदावरचं नाव 'नगर-अकोला' असं आहे. विदर्भात दुसरं अकोला आहे ना, त्याच्याशी गल्लत नको म्हणून. बाहेरच्यांना आपलं अकोले अजून अकोलाच वाटतं, तो भाग सोडा.

या २८८ पैकी २२ जागा आदिवासींसाठी राखीव आहेत, १८ दलितांसाठी. नगर जिल्ह्यात आदिवासींची राखीव जागा एकच, आपली. राहुरी, संगमनेर, पारनेर भागातले आपले भिल्ल आणि ठाकर भाऊबंद साध्या जागांवरच मत देतात. तिथं त्यांची मतं साखर कारखान्याच्या गावांच्या मतांत विरघळून जातात.

आता राखीव म्हणजे काय, यात आपल्यात मोठा गैरसमज आहे. पुष्कळांना वाटतं की राखीव जागेवर फक्त आदिवासीच मत देतात. तसं नाही. उभा राहणारा आदिवासी पाहिजे एवढंच. मत मतदारसंघातल्या सगळ्यांचं, दुकानदाराचंही, बागायतदाराचंही, सावकाराचंही. अर्ज भरायला आदिवासीला १२५ रुपये अनामत, म्हणजे दार काही फार महाग नाही. पण आत जायचं तर बाजारगावच्या पेढीवाल्यालाही दुखवून चालत नाही. म्हणून आपला माणूस असूनही तो जमिनीच्या प्रश्नावर कधी कधी चाचरत बोलतो. त्याच्या पायात कुठला दोर आहे ते आपण समजून घेतलं पाहिजे. समजून घेणं म्हणजे माफ करणं नव्हे.

आणि जिंकायला अर्धी मतं लागत नाहीत. शंभर मतं पडली, पाच उमेदवार आहेत, एकाला ३०, दुसऱ्याला २८, मग २२, १२ आणि ८. तर तीसवाला आमदार. सत्तर जणांना तो नको होता, तरी आमदार तोच. म्हणून वाडीवाडीत दोन-दोन उमेदवार उभे करायला पैसे कुठून येतात याचा विचार करा. आपली मतं कुणी फोडली की फायदा कुणाचा, हे शेळ्या राखणाऱ्या पोरालाही कळेल.

आपल्याला हे मत मिळालं कधी? इंग्रजांच्या काळात १९३७ साली मुंबई इलाख्याची विधानसभा निवडली तेव्हा मत होतं ते जमिनीचा सारा भरणाऱ्याला, कर भरणाऱ्याला, शिकलेल्याला. ज्याच्या नावावर सातबारा नाही आणि ज्याला अक्षर येत नाही त्याला मत नाही. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांना जवळजवळ नाहीच. त्या सभेत १७५ जागा होत्या आणि त्यातली आदिवासी व मागास मुलखासाठी ठेवलेली जागा होती फक्त एक. सबंध इलाख्याला एक! १९५२ पासून प्रत्येक प्रौढ बाईला आणि पुरुषाला मत मिळालं. तेव्हा २१ वर्षं पूर्ण लागायची, आता गेल्या वर्षापासून १८. तुमच्या पोरापोरींनी नोव्हेंबरात लोकसभेला पहिला शिक्का मारला असेल.

राखीव जागा घटनेत सुरुवातीला दहा वर्षांसाठी होत्या, मग दहा-दहा वर्षांनी वाढवत आणल्या. नुकतीच दिल्लीत घटना दुरुस्त करून ती मुदत २००० सालापर्यंत नेली आहे. पण २२ हा आकडा कुठून आला? लोकसंख्येवरून. १९७१ ची शिरगणती धरून तो ठरवलाय. १९८१ च्या शिरगणतीत राज्यात आदिवासी शेकडा नऊच्या वर भरले. त्या हिशोबानं २८८ मध्ये २६ तरी जागा यायला पाहिजेत. परंतु आणीबाणीत घटना दुरुस्त करून २००० सालानंतरची शिरगणती होईपर्यंत जागांचा हिशोब गोठवून ठेवलाय. ८१ च्या आकड्यात नावाचं साम्य दाखवून खोटे दाखले काढणारे किती घुसले, हा वेगळा वाद आहे. त्यावर बुलेटिनमध्ये पुढं लिहू.

बरं, निवडणूक झाली. २८८ जण मुंबईला गेले. ज्या पक्षाकडं किंवा पक्षांकडं १४५ डोकी, त्यांचा नेता राज्यपाल बोलावतात, तो मुख्यमंत्री. तो आपले मंत्री निवडतो. सभागृह चालवायला सभासद आपल्यातूनच एक अध्यक्ष निवडतात. इथं आपले लोक विचारतात, "आपले २२ आहेत ना? ते बावीस एक झाले तर?" आम्हीही हाच प्रश्न वर्षानुवर्षं विचारत होतो. पण ते २२ जण एका पक्षाचे नसतात. आणि १९८५ साली पक्षांतराचा कायदा आला. पक्षानं आदेश काढला, त्याला ते व्हिप म्हणतात, आणि आमदारानं त्याच्या उलट मत दिलं तर त्याची आमदारकी जाऊ शकते. पक्षाचे एक तृतीयांश आमदार एकदम फुटले तर ती फूट म्हणून चालते, एकट्यानं केलं तर तो गेला. पैसे घेऊन उड्या मारणारे थांबावेत म्हणून हा कायदा केला, ते बरंच झालं. पण त्याचबरोबर आपल्या जमिनीसाठी पक्षाविरुद्ध हात वर करणाऱ्याचाही हात बांधला गेला. तेव्हा मताच्या वेळी आपला आमदार काय करेल हे त्याच्या पक्षानं आधीच ठरवलेलं असतं. त्याच्याकडं स्वतःचं म्हणून उरतं ते तोंड. ते तोंड कसं उघडायला लावायचं, त्याच्याकडं येतोच.

दुसरं सभागृह आहे विधान परिषद. त्यात ७८ सभासद. ३० आमदार निवडतात, २२ जिल्हा परिषद आणि नगरपालिकेची मंडळी निवडतात, ७ पदवीधर, ७ शिक्षक, आणि १२ राज्यपाल नेमतात. आपल्याला तिथं मत नाही, सरपंचालाही नाही, आणि आदिवासींना राखीव जागा एकही नाही. विधानसभेनं केलेला कायदा ते थोडे महिने अडवू शकतात, मोडू शकत नाहीत. एवढं पुरे.

आता मुद्द्यावर येऊ. या खोलीत बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या पोटाचा प्रश्न एकच आहे. फॉरेस्टच्या हद्दीतलं रान आपण कसतो, नागली-वरई घेतो, दंडाच्या पावत्या भरतो, आणि दरसाल पावसाच्या तोंडाला 'उठा' म्हणून सांगणारा येतो. या एका रानावर तीन कागदांचं राज्य आहे, आणि तिन्ही वेगवेगळ्या घरात तयार झालेत. हे कळलं नाही म्हणून आपण नको त्या दारावर मोर्चे नेले. आम्हीच नेले, तुम्हाला काय दोष द्यायचा.

पहिला कागद, विधानसभेतला. आदिवासीची सातबाऱ्यावरची जमीन बिगर-आदिवासीला गेली असेल तर ती परत देण्याचा कायदा १९७४ साली झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेली जमीन त्यात बसते. त्यानंतर तर कलेक्टरच्या मंजुरीशिवाय असा व्यवहारच करता येत नाही. हा कायदा सभागृहात हात वर करून झाला. पण हात वर का झाले? धुळे जिल्ह्यात शहाद्याला अंबरसिंग सुरतवंतींच्या मागं हजारो भिल्ल शेतमजूर उठले होते, पालघरकडं भूमिसेना जमिनीवर नांगर घेऊन उतरली होती, वरून ७२ चा दुष्काळ. त्या सभागृहात आपली माणसं आजच्यासारखीच थोडी होती. बाहेर मात्र लोक होते.

दुसरा कागद मंत्रालयातला. २७ डिसेंबर १९७८ चा शासन निर्णय. त्याला आपण जी.आर. म्हणतो. १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळातली भूमिहीनांची सरकारी आणि फॉरेस्टच्या जमिनीवरची अतिक्रमणं काही अटींवर कायम करायची, असं त्यात आहे. हा कायदा नव्हे. सभागृहात त्यावर मतदान लागलं नाही. मंत्र्यांनी ठरवलं, सचिवांनी सही केली. जे सहीनं येतं ते सहीनं बदलतं, आणि सहीनं फायलीत पडूनही राहतं. आपल्याकडचं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं, तेही असंच, जाहीरनामा काढून. त्यालाही सभागृहात मत घ्यावं लागत नाही.

तिसरा कागद दिल्लीचा. पूर्वी जंगल हा राज्याचा विषय होता. १९७६ च्या घटनादुरुस्तीनं तो केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीत गेला. आणि १९८० च्या ऑक्टोबरात वनसंवर्धनाचा कायदा आला. फॉरेस्टची जमीन दुसऱ्या कशाला द्यायची तर आधी दिल्लीची मंजुरी पाहिजे. म्हणजे ७८ ला मंत्रालयानं 'देतो' म्हटलं, मोजणी, चौकशी, शिफारस यात दोन वर्षं घालवली, आणि तेवढ्यात किल्ली दिल्लीला गेली. ही दोन वर्षं कुणी घालवली, याचं उत्तर आजपर्यंत आपल्याला कुणी दिलेलं नाही.

आता जीपमधला उमेदवार म्हणतो, "मला निवडून द्या, पट्टे मिळवून देतो." त्याला विचारा, कुठल्या कागदावर? ७८ च्या जी.आर. खालची यादी तालुक्यात पडून आहे, ती पुढं सरकवणार का? दिल्लीला मंजुरीसाठी प्रस्ताव गेला का नाही, हे विचारणार का? नुसतं 'पट्टे देतो' म्हणणाऱ्याला यातलं काही माहीत नसतं. नाहीतर माहीत असतं आणि आपल्याला माहीत नाही असं तो धरून चालतो.

मघा म्हटलं, आमदाराकडं तोंड उरतं. सभागृहात प्रश्न विचारायची एक रीत आहे. तारांकित प्रश्न म्हणतात. मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्नही विचारता येतात. शिवाय लक्षवेधी सूचना आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे. प्रश्न लिहायची भाषा ठरलेली. 'अमुक झाले हे खरे आहे काय. असल्यास शासनाने काय कारवाई केली. नसल्यास त्याची कारणे काय?'

आमची फजिती सांगतो. दोन वर्षांमागं एका गावात नागलीच्या उभ्या पिकात गुरं सोडली गेली. आम्ही रागानं एक अर्ज खरडला आणि दुसऱ्या भागातल्या एका भल्या आमदारांना गाठून प्रश्न घालायला लावला. अर्जात लिहिलं, 'पावसाळ्यात अनेक आदिवासींची पिके उपटून टाकली हे खरे आहे काय.' आम्ही पाच जण घोटीमार्गे इगतपुरीला, तिथून रेल्वेनं मुंबईला गेलो. पास काढून गॅलरीत बसलो. तिथं टाळी वाजवायची नाही, बोलायचं नाही. खाली मंडळी बाकं वाजवतात ते चालतं. प्रश्नाचा नंबर आला. छापील उत्तर होतं, '(१) नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.' संपलं. अर्धं मिनिटही लागलं नाही. आमच्यातल्या एका गड्यानं तिथंच विचारलं, "आता आपुन खोटं ठरलो का?"

परतताना गाडीत कळलं की आमच्या अर्जानंच त्यांना वाट करून दिली. पिकं उपटली नव्हती, चारली होती. पावसाळा नव्हता, दसरा झाला होता. 'अनेक' म्हणजे किती, ते नव्हतं. 'नाही' हे उत्तर कागदावर खरंच ठरत होतं. मग गावात आठ दिवस बसलो. कुणाचं रान, कुठल्या कंपार्टमेंटमध्ये, कुठल्या साली पहिली दंडाची पावती फाटली, कुठल्या तारखेला पीक चारलं गेलं, पंचनाम्यावर कुणाचे अंगठे, सगळं लिहून काढलं. पुढच्या अधिवेशनाला तोच प्रश्न तारखेसकट, गावासकट गेला. या वेळी 'नाही' म्हणता येईना. आधी 'माहिती गोळा करण्यात येत आहे' आलं. उपप्रश्नावर मंत्री म्हणाले, तपासून घेऊ. आणि बारा वर्षांत जो साहेब गावात आला नव्हता तो वही घेऊन आला, आणि ज्यांना आजवर 'तू' म्हणत होते त्यांना 'तुमचं नाव काय' असं विचारलं. जमीन अजून नावावर झालेली नाही. हे खोटं सांगणार नाही. पण त्या गावातल्या पावत्या आता सरकारी फायलीत लागल्या आहेत.

मंत्री सभागृहात 'तपासून घेऊ', 'चौकशी करू' असं बोलला की ते आश्वासन धरतात. ते पाळलं का नाही हे बघायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. जीपवर दिलेल्या आश्वासनाला असं कुणी विचारत नाही, हा फरक ध्यानात ठेवा. विनंती अर्ज समिती आहे, सभासदामार्फत तिच्याकडं गावाचा अर्ज जातो. अनुसूचित जमाती कल्याण समिती आहे, रोजगार हमीची समिती आहे. या समित्यांत सगळ्या पक्षांचे आमदार बसतात आणि तिथं बाकं वाजवायला प्रेक्षक नसतात. म्हणून कधी कधी माणसं तिथं जरा खरं बोलतात. समिती जिल्ह्यात दौऱ्यावर येते तेव्हा सर्किट हाऊसवर पुढारी आणि अधिकारी भेटतात, आपण कधीच नसतो. समिती येणार हे कळलं तर निरोप सगळ्या वाड्यांना गेला पाहिजे.

आणखी एक दार आहे, फारसं कुणी ठोठावत नाही. अकोले तालुक्यातला काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं. आपलं गाव त्या यादीत आहे का नाही, हे प्रत्येकानं बघून घ्यावं. शेजारी शेजारी असलेली गावं, एक आत आणि एक बाहेर, असंही असतं. अशा क्षेत्रात एखादा कायदा लागू करायचा नाही, किंवा बदल करून लागू करायचा, असा हुकूम राज्यपाल काढू शकतात. मग तो कायदा मुंबईचा असो का दिल्लीचा. घटनेच्या पाचव्या अनुसूचीत हे लिहिलेलं आहे. सल्ला द्यायला आदिवासी सल्लागार परिषद असते, जास्तीत जास्त २० जणांची, आणि त्यातले तीन चतुर्थांश विधानसभेतले आदिवासी आमदारच असायला पाहिजेत. म्हणजे बावीस जणांतले पंधरा एका टेबलाभोवती बसू शकतात, पक्ष कुठलाही असो, आणि तिथं व्हिपही नसतो! आपल्या आमदाराला विचारायचा हा खरा प्रश्न आहे. तुम्ही त्या परिषदेवर आहात का, नसाल तर जाणार का, आणि गेलात तर ७८ च्या रानांबद्दल तिथं काय मांडणार?

सकाळी एक ताई म्हणाल्या, "पावती धन्याच्या नावावर, रान मी कसते, तो तर गेला. मग प्रश्नात नाव कुणाचं घालायचं?" आम्ही गप्प झालो. यादी करताना आम्ही हे विचारलंच नव्हतं. आता कसणाऱ्या बाईचं नाव वेगळं लिहायचं, पावतीवर कुणाचंही असो, असं ठरवलंय.

तर २७ तारखेच्या आधी काय करायचं ते सांगतो. कुठल्या चिन्हावर शिक्का मारा हे आम्ही सांगणार नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण गाव एकत्र बसून ठरवा, वाडीगणिक विकले जाऊ नका. उमेदवार आला की त्याला जीपवरून खाली उतरवून घोंगडीवर बसवा. जी.आर. ची तारीख विचारा. तो काय बोलला ते शाळेतल्या पोराकडून वहीत लिहून घ्या, तारीख घाला, आणि खाली त्याची सही मागा. सही दिली नाही तर 'सही दिली नाही' असं लिहा. सगळ्या पक्षांच्या उमेदवारांना हाच नियम.

दुसरं, मतदान झालं की वही मिटवायची नाही. मार्चमध्ये नवी विधानसभा बसेल, बजेट येईल, प्रश्न घालायला सुरुवात होईल. त्याआधी आपल्या गावांच्या याद्या तयार पाहिजेत. गाव, कंपार्टमेंट नंबर, कसणाऱ्याचं नाव, कसणारी बाई असेल तर तिचं नाव, पहिली पावती कुठल्या सालची, पावती हरवली असेल तर साक्षीदार म्हातारं माणूस कोण. पावत्या वाशाला खोचून ठेवल्यात त्या धुरानं काळ्या पडल्यात, उंदरानं खाल्ल्यात. त्या काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. मूळ पावती कुणाच्याही हातात द्यायची नाही, आमच्याही नाही. हातानं नक्कल करून घ्यायची.

पुढच्या बाजारच्या दिवशी प्रत्येक वाडीतून दोन माणसं, त्यातली एक बाई, नकला घेऊन राजूरला या. कोरे तक्ते आणि कार्बन पेपर आम्ही आणतो. भाकरी तुमची तुम्ही आणा.